डावखुऱ्या बाकाची खालची बाजू

मी डावखुरा बाक बोलतोय. खोली एकशे चौदा, खिडकीकडची रांग, शेवटून दुसरा. त्या खोलीत खुर्चीलाच लिहायची फळी जोडलेली असते. बाकीच्या एकतीस बाकांना ती उजवीकडे आहे, मला डावीकडे. मी शिकलेला नाही. बत्तीस वर्षांत कानावर पडलं तेवढंच माझं शिक्षण. पण लाकूड अस्सल आहे आणि आजवर कुणाच्या वजनाखाली कुरकुरलो नाही.

किळसवाणं आधी सांगून टाकतो. माझ्या फळीच्या खाली च्युइंगमचे सदतीस गोळे होते. दिवसा हायस्कूलची मुलं बसतात. तोंडातला गोळा काढायचा, समोर बघत राहायचं आणि माझ्या पोटाला चिकटवायचा. चेहरा असा, की देवळातून आलेत. उन्हाळ्यात ते गोळे मऊ पडतात. त्यांचा वास मला विचारा.

संध्याकाळी साडेसहाला कॉलेजचा वर्ग भरतो. कॉलेज तीस मैलांवर. तिथे जाणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी कॉलेज आमच्या शाळेतल्या खोल्या मागून घेतं. ही मोठी माणसं, कामावरून थेट आलेली. मुलांच्या मापाच्या बाकात शिरताना श्वास आत ओढतात.

दिवसाच्या लिंडक्विस्ट बाईंना ही माणसं नकोशी. फळ्याच्या कोपऱ्यात त्या लाल चौकट आखायच्या आणि लिहायच्या, 'पुसू नका.' दर सत्रात चौकट वाढत गेली. शेवटी तिने सगळा फळा व्यापला, आणि संध्याकाळचे प्रुइट सर मोठ्या कागदांवर गणितं लिहून भिंतीला चिकटवू लागले. कुठे वेफर्स सांडले, पेन्सिल मोडली, की सकाळी बाई म्हणायच्या, ‘रात्रीचे लोक.’ वेफर्स कुणी खाल्ले ते मी पाहिलेलं असायचं.

जानेवारीत ओफेलिया बारागान आली. पन्नाशीची, चेरी आणि अक्रोड निवडायच्या शेडमध्ये एकवीस वर्षं काढलेली. डावखुरी. तिला नर्सिंगला जायचं होतं. जागा वीस, अर्ज दीडशे, आणि मे महिन्यात गणिताचा हा विषय सुटला तरच अर्ज पुढे जाणार. वयामुळे पुन्हा वर्षभर थांबायची तिची तयारी नव्हती. पहिल्या दिवशी ती बसली, फळीखाली हात गेला, आणि तिने तो झटकन बाहेर काढला. पुढच्या वेळी पिशवीतून बोथट सुरी आणि ओलं फडकं आणलं. दोन संध्याकाळी खरवडत होती. मग रोज बसण्याआधी फळी पुसायची. बत्तीस वर्षांत माझ्या खाली बघणारी ती पहिली.

तिच्या मागे रोहेलियो बसायचा, ट्रकवाला. तो म्हणायचा, "मावशी, आमचाही पुसून टाक, पुण्य लागेल." ती म्हणायची, "तुझा पुसायला फावडं लागेल."

मे महिन्यात चेरीचा हंगाम. शेवटच्या परीक्षेच्या दिवशी शेडमध्ये सुटायला उशीर झाला. ती दहा मिनिटं उशिरा, धावत आली, बोटं लाल. फळी पुसली नाही. कागद ठेवला आणि लिहायला लागली.

त्याच दुपारी लिंडक्विस्ट बाईंच्या वर्गाचीही चाचणी होती. एका मुलीने माझ्या फळीवर पेन्सिलने सूत्रं लिहून घेतली होती. बारीक, सुबक अक्षर. कॉपी करण्यात जेवढा जीव ओतला, तेवढा अभ्यासात ओतला असता तर. जाताना गोळाही लावून गेली.

प्रुइट सर फेरी मारत आले, कागदाच्या कडेला पेन्सिलचं अक्षर दिसलं आणि थांबले.

"कागद उचला, मिसेस बारागान."

तिने उचलला. खाली सूत्रं. तिने ती तेव्हाच पाहिली.

"हे माझं नाही, सर."

"सगळे हेच म्हणतात."

ते वाईट नव्हते, भित्रे होते. नियम असा की कॉपीचा संशय आला तर पेपर कॉलेजकडे पाठवायचा. म्हणजे वर्ष गेलं. तिने सांगितलं, रोज पुसते, आज राहिलं. रोहेलियोही बोलला. सरांनी ऐकलं, पण पेपर हातातून सोडला नाही. मला वाचा असती तर त्या मुलीचं नाव, वर्ग, सगळं सांगितलं असतं. लाकूड असण्याची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

ओफेलिया उठली. "नवीन गणितं द्या. तिथे सोडवते, सगळ्यांसमोर. नाही सुटली तर पाठवा पेपर."

तिने फळ्याकडे बोट केलं. फळ्यावर काठोकाठ लाल चौकट, आत बाईंचा पुढच्या आठवड्याचा धडा. सर फळ्याकडे गेले. मग त्यांनी डस्टर उचललं आणि चौकट पुसली.

तीन गणितं. पहिलं सुटलं. दुसऱ्यात ती उणेचं चिन्ह विसरली, शेवटी आकडा विचित्र आला, मग एकेक ओळ वर जात तिने चूक शोधून काढली. डाव्या हाताने लिहिताना बाही मागचं पुसत जात होती.

"मावशी, थांब ना," रोहेलियो म्हणाला, "कॉपी तरी करू दे."

सर हसले. तिसरं सुटल्यावर त्यांनी पेपर बाकी पेपरांत ठेवला. मग रुमाल ओला करून स्वतः माझी फळी पुसली.

सकाळी लिंडक्विस्ट बाईंनी फळा पाहिला. तक्रार झाली. कॉलेजचा वर्ग सुतारकामाच्या शेडमध्ये गेला. बाई म्हणाल्या, डावखुरा बाक रात्रीचे लोकच वापरायचे, तो हलवा. ती मुलगी ऐकत होती. चघळत होती.

तेव्हापासून मी व्यायामशाळेमागे, कचऱ्याच्या डब्याजवळ आहे; सगळा उन्हाळा इथेच गेला. उद्या गाडी येणार. तुमच्याकडे एकच मागणं आहे. उठताना एकदा बसल्या जागेखाली हात फिरवा. दुसऱ्याच्या घाणीला तुमचं नाव लागलेलं असेल, किंवा तुमच्या घाणीला दुसऱ्याचं.

काल संध्याकाळी ओफेलिया इथे आली. पांढरे बूट, हातात जाड पुस्तक, वर 'नर्सिंग' लिहिलेलं. रोहेलियोच्या ट्रकची वाट बघायला माझ्यावर बसणार होती. आधी बाहीने फळी पुसली. मग सवयीने खाली हात घातला, आणि त्या मुलीचा गोळा बोटांना लागला.

"शी," ती म्हणाली.

बत्तीस वर्षं मला हेच म्हणायचं होतं.