अबुंदियोचा श्वास

आमच्या बरांगायचा, म्हणजे गावाचा, निवडून आलेला कपितान, रेमुएल, याची मला शिसारी येते. गावातल्या प्रत्येक वस्तूवर त्याचं थोबाड. रुग्णवाहिकेवर, कचऱ्याच्या डब्यावर, म्हाताऱ्यांना वाटलेल्या तांदळाच्या पिशवीवर, मयताच्या दारातल्या मांडवावरसुद्धा. एवढ्यानेही त्याचं पोट भरलं नाही, म्हणून तो आमच्या चा-चा-चा नाचात शिरला.

दर रविवारी दुपारी बास्केटबॉलच्या मैदानावरच्या छपराखाली आम्ही म्हातारी मंडळी नाचतो, शब्द नसलेल्या जुन्या चालींवर. त्यातली सगळ्यांची लाडकी चाल आमच्याच बँडची, पूर्वी कॅसेटवर भरलेली. ट्रम्पेट अबुंदियोचा, सॅक्सोफोन माझा. मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि नाचणारे एक पाय उचलून तसेच उभे राहतात. त्या शांततेत अबुंदियोने ओढलेला श्वास ऐकू यायचा, मग त्याचा ट्रम्पेट. अबुंदियो वारला. त्याची बायको फेलिसिंग, आम्हा सगळ्यांची मनांग, म्हणजे थोरली ताई, त्या श्वासासाठीच दर रविवारी यायची.

कपितानाच्या माणसाने आवाज स्वच्छ करून देतो म्हणत तिच्याकडून कॅसेट नेली. तेवढी एकच होती. तिने खुशीने दिली, वर त्याला खाऊपिऊ घातलं. पुढच्या रविवारी चाल लागली, वाद्यं थांबली, पाय उचलले गेले, आणि श्वासाच्या जागी भोंगा गरजला, "कपितान रेमुएल, तुमच्यासाठीच!"

मी तडक जाब विचारायला गेलो. तो पान्सितच्या शेवया चघळत होता.

"नोंग तिबोय, तिथे नुसती खरखर होती. जागा वाया जात होती," तो मला थोरल्या भावाचा मान देत म्हणाला.

"आणि मूळ कॅसेट?"

"तिच्यावरच तर भरलं. मनांगला वाईट वाटत असेल, तर माझ्यामागोमाग अबुंदियोचंही नाव घेऊ."

मोठा उपकार केल्याच्या थाटात बोलला मेला.

नाचणारे तरी थांबावेत? नाव नको. ताटात कपितानाच्या फुकटच्या शेवया होत्या. थोड्याच दिवसांत ही मंडळी पाय उचलून भोंग्याबरोबर त्याचं नाव ओरडू लागली, तीही खिदळत. फेलिसिंग कोपऱ्यात बसून राहायची. न जाणो, भोंग्याच्या मागे कुठेतरी श्वास ऐकू येईल, म्हणायची.

शेवटी एका सकाळी मी सॅक्सोफोन घेऊन तिच्या अंगणात गेलो.

"मनांग, श्वास काही मला आणता यायचा नाही," मी म्हटलं. "त्याची जागा तेवढी मोकळी ठेवतो."

मी वाजवू लागलो. ती एकटीच पावलं टाकू लागली, किती दिवसांनी. मध्यावर मी थांबलो. तिने पाय उचलला, डोळे मिटले.

"कपितान रेमुएल, तुमच्यासाठीच," तिच्याच तोंडून निघालं.

तिने झटकन तोंडावर हात दाबला. मला तिच्याकडे बघवेना. मग ती नळावर गेली, खळखळून चूळ भरली, थुंकली, पुन्हा भरली. तोंड पुसत परत येऊन उभी राहिली.

"वाजव, तिबोय," ती म्हणाली. "ही घाण निघेपर्यंत वाजव."