चार इंच

"किती भरले गं मी?"

कुसाबाईंनी डोळे मिटूनच विचारलं आणि उज्वलाच्या हातातली पोलादी टेप सर्रकन आत गेली. तिला वाटलं होतं सासूबाईंचा डोळा लागलाय. दुपारचे अडीच वाजले होते. भिंतीकडेच्या सतरंजीवर कुसाबाई रोजच्यासारख्या पदर तोंडावर ओढून आडव्या झाल्या होत्या. डोक्याशी गव्हाची कोठी, पायाशी ट्रंक आणि मधे त्या.

"चार फूट दहा," उज्वला म्हणाली. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

"एवढीच? म्हातारपणी माणूस आटतं म्हनत्यात, ते खरं हाय तर." कुसाबाई पदराआडून हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पाय आखडून घेऊ का?"

उज्वलाने लेकीच्या, वेदिकाच्या, गणिताच्या चौकोनी वहीत आकडा लिहिला. एक चौकोन म्हणजे सहा इंच. सिडकोतलं हे घर, दहा बाय बाराची खोली आणि मागे स्वयंपाकघर, गेल्या चार दिवसांत तिने पाच वेळा कागदावर उतरवलं होतं आणि पाचही वेळा ते अपुरं पडलं होतं.

तसं घरात वस्तू मावेनात म्हणून ती कधी अडली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा हे घर म्हणजे नुसती अडगळ होती. तिने दाराच्या मागे चपलांचे खिसे शिवले, ओट्याखाली दोन मजले केले, पातेली एकात एक घातली, खुर्च्या खिळ्यांना टांगल्या. शेजारच्या चिमणाबाई मुद्दाम बघायला यायच्या आणि म्हणायच्या, हिच्या घरात हत्ती आणला तरी ही त्याला कपाटामागं उभा करील. उज्वलाला त्याचं मनातून बरं वाटायचं. बी.एस्सी. होऊन नोकरी केली नाही, पण शिकलेलं डोकं कुठेतरी चालतंय असं वाटायचं.

आता हत्तीच आला होता.

तिच्या नवऱ्याची, महेशची, दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली त्याला दोन वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलच्या मशीनवर रक्त धुवून आणायचं आणि उरलेल्या दिवसांत अंबडच्या कारखान्यात जमेल तितकं उभं राहायचं. पण मशीनला जोडायची हाताची नस दोनदा बसली, मानेतली नळी पिकली, आणि डॉक्टर म्हणाले की आता पोटातूनच करावं लागेल, दुसरा रस्ता नाही. पोटात नळी बसवून झाली. आता दिवसातून चार वेळा पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी ते काढायचं आणि दुसरं सोडायचं. हे घरीच करायचं. महिन्याच्या एकशेवीस पिशव्या, म्हणजे पाच-पाचाची चोवीस खोकी.

आणि खोक्यांचे नखरे नव्या नवरीसारखे. ऊन नको, ओल नको, जमिनीवर नको, खाली फळी हवी. चारावर पाचवं रचायचं नाही, खालची पिशवी फुटते. शिवाय पाणी बदलायला बंद दाराचा, बिनधुळीचा कोपरा हवा. हात चुकला आणि पोटात जंतू गेले तर माणूस हातचा जातो, हे हॉस्पिटलच्या मालिनी सिस्टरांनी आवाज न चढवता सांगितलं होतं, म्हणून ते जास्तच लागलं. गुरुवारी त्या घर बघायला येणार होत्या. घर पसंत पडलं तरच पिशव्या घरी.

माळ्यावर स्लॅबची आच, मे महिन्यात तिथे ठेवलेला साबणसुद्धा वितळत होता. दिवाणाच्या पोटात नऊच इंच, खोकं शिरेना. स्वयंपाकघरात मोरीची ओल. राहिली ती भिंतीकडेची पट्टी. एकावर एक चार अशा सहा रांगा, सहा फूट बाय दीड. टेप लावली तर कुसाबाईंची सतरंजी बरोब्बर तेवढीच. आणि कोठी हलली तर तिच्या जागी खुर्ची आणि पिशवी टांगायचा स्टँड बसत होता.

पोटात नळी म्हणून महेशशेजारी कोणी झोपायचं नव्हतं. वेदिका दिवाणावरून उतरून उज्वलाच्या कुशीत खाली येणार होती. मग कुसाबाई? स्वयंपाकघरात, फ्रीज आणि मोरीच्या कठड्यामधे. तिथे टेप लावली. चार फूट सहा.

चार इंच कमी.

फ्रीज हलवता येत नव्हता. महेशची रक्त वाढायची इंजेक्शनं त्यात होती आणि फ्रीज लावायला दुसरा प्लग घरात कुठे नव्हता. पण ही सगळी सबब होती, हे उज्वलाला वही मिटतानाच कळत होतं. चार इंच म्हणजे काय, पाय जरा दुमडले की झालं. खरी भीती निराळी होती. कुसाबाई मिसरी लावायच्या आणि त्याच हाताने महेशचं कपाळ चाचपायच्या. धान्य पाखडायच्या तर घरभर भुसा. बंद दार दिसलं की त्या हमखास उघडायच्या, लेक आत काय करतोय बघायला. उज्वला रात्रंदिवस त्यांचे हात बघत होती. सासूचे हात असे चोरून बघावे लागतात याची तिला लाज वाटायची, आणि तरी ती बघायची.

वहीच्या मागच्या पानावर तिने दोन रकाने पाडले होते. राहणार आणि जाणार. जाणारमधे लिहिलं होतं: कोठी, ट्रंक, जातं. त्याखाली कधीतरी मध्यरात्री बसून तिने लिहिलं होतं, आई. आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मंगळवारी ती वेदिकाला आंघोळ घालत होती. बाहेर आली तर कुसाबाई खिडकीशी वही धरून बसलेल्या. चौथी शिकलेल्या, अक्षर लावून लावून वाचायच्या.

"हे बरं काढलंस घर. उंदराच्या बिळासारखं दिसतं." त्यांनी पान उलटलं. "कोठी. ट्रंक. जातं. आणि हे आईपुढं विळा कसला काढलास?"

उज्वलाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"काही नाही. चुकून."

"विळ्यागतच दिसतोय," कुसाबाई म्हणाल्या आणि वही दप्तराशेजारी नीट ठेवून त्या गहू निवडायला बसल्या.

संध्याकाळी उज्वलाने महेशला यादीचं सांगायचा प्रयत्न केला. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, पावलं सुजलेली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घरात सगळ्यांत लांब मी. पावणेसहा फूट. मलाच टाक त्या यादीत, सगळ्यांना ऐसपैस होईल."

बुधवारी दोघी सासू-सुनांनी भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. कुसाबाई जिथे डोकं टेकून बसायच्या तिथे वर्षानुवर्षांचा तेलाचा डाग होता. त्यावर त्यांनी स्वतःच तिसरा हात मारला.

गुरुवारी मालिनी सिस्टर आल्या. त्यांनी बेसिन बघितलं, पंखा बघितला, दाराची कडी लावून पाहिली, भिंतीवर तळहात ठेवून ओल तपासली. कोठी काढावी लागेल म्हणाल्या, धान्यात किडे होतात. उज्वलाने लगेच सांगितलं की चांदवडहून मोठे दीर रविवारी येऊन नेणार आहेत, बोलणं झालंय. सिस्टरांनी मान हलवली. खोकी भिंतीला टेकवू नका म्हणाल्या, चार इंच मोकळे सोडा, मागून हवा खेळली पाहिजे. उज्वलाने तेही लिहून घेतलं. मग त्यांनी फॉर्म काढला.

"घरात किती जण राहता?"

उज्वलाने तोंड उघडलं.

"तिघं," कुसाबाई म्हणाल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हात साबणाने धुऊन, पदराला न पुसता पुढे धरलेले. "मी पाव्हणी हाय. पोराला बघायला आलते. रविवारी जानार."

बाहेर दारावर पुंजाराम या नावाची पाटी होती, कुसाबाईंच्या नवऱ्याची. हे घर सिडकोकडून मिळालं तेव्हा त्यात पहिलं पाऊल कुसाबाईंचं पडलं होतं आणि पहिली वस्तू ती कोठी आली होती. उज्वलाला हे सगळं बोलता आलं असतं. नाही सिस्टर, चौघं आहोत, एवढं तरी. तिने सिस्टरांच्या पेनाकडे बघितलं. पेन थांबलेलं होतं. महेश दिवाणावर बसून खाली बघत होता. पेन हललं आणि चौकटीत तीन लिहिलं गेलं. सिस्टर म्हणाल्या, सोमवारी खोकी पाठवते.

रविवारी मोठा दीर सोमनाथ पिकअप घेऊन आला. महेशला वाकायची बंदी, म्हणून कोठीतला गहू उज्वला आणि तो पोत्यात भरत होते; तळाशी कडुनिंबाचा पाला निघाला, वाळून कुरकुरीत झालेला. कोठी गाडीत चढली, ट्रंक चढली, जातं चढलं. तेव्हा कुसाबाई गाठोडं घेऊन बाहेर आल्या.

"आई, तू कुठं?" सोमनाथ म्हणाला.

"तुझ्याकडं."

त्याने उज्वलाकडे बघितलं. फोनवर फक्त कोठीचं बोलणं झालं होतं. "अगं, पण घरात आता कांदा पसरलाय. पडवीसुद्धा भरलीय. तुझं नि तुझ्या थोरल्या सुनेचं..." तो अडखळला.

"कोठी कुठं ठेवनार हायेस?"

"कोठी होय, ती शेडात. पत्र्याखाली."

"मग तिच्याशेजारी चार फूट दहा असंल की," कुसाबाई म्हणाल्या. "कांद्याला जागा हाय, कोठीला हाय. मी काय लय मोठी नाय."

सोमनाथ उज्वलाकडे बघत राहिला, ती काहीतरी म्हणेल म्हणून. उज्वलाने महेशकडे बघितलं. महेश उंबऱ्यात पोटावर हात धरून उभा होता आणि आईकडे बघत होता. तिघंही एकमेकांच्या बोलण्याची वाट बघत होते. गाडीचं इंजिन चालूच होतं. चिमणाबाई आपल्या घराच्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या.

कुसाबाईंनी वेदिकाचा गालगुच्चा घ्यायला हात पुढे केला, मग आपल्या बोटांकडे बघून तो मागे घेतला. "महिन्याचा गहू निवडून डब्यात ठेवलाय," त्या उज्वलाला म्हणाल्या. "आता मोजत बसू नको. झोप जरा."

गाडी वळली. कोठी उन्हात चमकत कोपऱ्यापर्यंत दिसली, मग तीही दिसेना.

उज्वला आत आली. दप्तराशेजारची वही उघडून तिने मागचं पान काढलं, काय गेलं काय राहिलं त्यावर खुणा करायला. कोठी. ट्रंक. जातं. आई. पुढचा विळा नव्हता. तिथे कागद जरा विरला होता आणि घडीत खोडरबराचा चुरा होता, वेदिकाच्या गुलाबी खोडरबराचा. तिने पान हलवलं तशी ती गुलाबी कणी फरशीवर पडली. घर निर्धूळ ठेवायचं होतं म्हणून तिने बोटाने टिपून घेतली, आणि मग ती कुठे टाकावी ते तिला सुचेना.

सोमवारी चोवीस खोकी आली. फळीवर चार-चाराच्या सहा रांगा, सहा फूट बाय दीड, सुतात बसल्या. टेप लावून तिने एकेक रांग पुढे ओढली. भिंतीपासून चार इंच. ना कमी ना जास्त.

"उज्वला, पाण्याची वेळ झाली," महेशने मास्क बांधत सांगितलं. "दार लाव."

तिने वेदिकाला चिमणाबाईंकडे दिलं, दार लावलं, कडी घातली, पंखा बंद केला. हात कोपरापर्यंत धुतले. पाणी हळूहळू नळीतून उतरायला लागलं. पुढचा अर्धा तास काही हलवायचं नव्हतं. ती खोक्यांच्या टोकाशी फरशीवर बसली, पाय पोटाशी घेऊन, कारण तेवढीच जागा होती. तिथून मागची फट दिसत होती. आत, बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, तिन्ही हात फोडून चुन्यातून तेलाचा डाग वर आला होता.

तिने हात आत घातला. बरोब्बर मावला. पण तो डागापर्यंत पोचायच्या आत तिला आठवलं की हात धुतलेले आहेत, आणि तिने तो काढून घेतला.