किटलीवरचं नाव

चिंचेच्या कोळात मीठ घालून सुगंधाने किटलीच्या चोचीखालची जागा पुन्हा एकदा घासली. घासायला तिथे काहीच नव्हतं. बाकी साऱ्या अंगावर नावं कोरलेली होती, वेलीसारखी गोल गोल चढत गेलेली, आणि त्यांच्या खाचांमध्ये वर्षभराचा काळपटपणा साठलेला. चोचीखालची दोन बोटं जागा तेवढी कोरी होती.

"वैनी, किटली घासतास काय झिजयतास?" बाहेरून भिकाजी ओरडला. "हंय पत्ते वाटून झाले."

"आले हो," ती म्हणाली, आणि नळाखाली धरलेली किटली तिने अगदी हळू वळवली. पितळ उजळलं, तसं एकेक नाव पाण्यातून वर आल्यासारखं दिसायला लागलं. सदानंद. अलीमियाँ. भिकाजी. धनंजय. पुन्हा सदानंद.

किटली कहव्याची, अरबी कॉफीची होती, आखातातल्या या शहरात मत्रहच्या बाजारातून आणलेली, पण एक्केचाळीस वर्षांत तिच्यात कुणी कहवा केला नव्हता. ती जगज्जेत्याची किटली होती, दर वर्षी पत्त्यांत जिंकणाऱ्याचं नाव कोरायची. जग म्हणजे ही चार माणसं आणि सदानंद भावजींची बौशरमधली बैठकीची खोली.

आज त्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती. सदानंद भावजी अठ्ठ्याहत्तरचे. अल् खुवैरच्या एका कंपनीत विजेचे इंजिनियर म्हणून उभं आयुष्य गेलं. गिरिजावहिनी गेल्यावर एकटे राहिले, आणि गेल्या वर्षापासून कालचं विसरायला लागले. रविवारी त्यांची लेक प्रियांका त्यांना नाशिकला कायमची घेऊन जाणार होती. म्हणजे हा शेवटचा शुक्रवार. आज जो जिंकेल त्याचं नाव चोचीखाली कोरायचं आणि किटली त्याने घरी न्यायची, असं महिन्यापूर्वीच ठरलं होतं.

सुगंधाला किटली हवी होती. खरं सांगायचं तर किटलीपेक्षाही चोचीखालची ती दोन बोटं जागा हवी होती. हे तिने मुलाला, सागरलाही सांगितलं नव्हतं. सकाळी तो गाडीतून सोडायला आला तेव्हा म्हणाला, "आई, मजा कर," आणि ती "हो" म्हणाली. मजेचा प्रश्नच नव्हता.

ती जाऊन नवऱ्याच्या, धनंजयच्या, खुर्चीत बसली. त्या खुर्चीला अजून तेच नाव होतं.

हे वेड धनंजयनेच आणलं. तो आराखडे काढायचा, एका इंग्रज साहेबाच्या हाताखाली. साहेबाकडे पोकरच्या जागतिक स्पर्धेची मासिकं यायची आणि कधीमधी एखादी व्हिडिओ कॅसेट. धनंजय ती घरी आणायचा. लास व्हेगास नावाच्या गावात, दर उन्हाळ्यात. दोन पानं प्रत्येकाच्या हातात झाकलेली, पाच पानं मध्ये उघडी, आणि बाकी सगळं समोरच्याच्या तोंडावर वाचायचं. तेव्हाच्या कॅसेटमध्ये खेळाडूंची झाकली पानं दिसत नसत. ती दाखवणारे छोटे कॅमेरे फार पुढे आले. त्यामुळे धनंजय पडदा थांबवायचा आणि विचारायचा, "सांग, याच्याकडे काय असेल?" सुगंधा भाजी निवडता निवडता सांगायची. डाव उघडा झाला की धनंजय मान हलवायचा. ती बहुतेक वेळा बरोबर असायची. सासर-माहेर धरून पंधरा माणसांच्या घरात वाढलेल्या बाईला माणसांची तोंडं वाचायला कुणी शिकवावं लागत नाही.

मग शुक्रवारची बैठक सुरू झाली. अलीमियाँची अट एकच होती. दापोलीकडचा माणूस, कुरुममध्ये पडद्यांच्या कापडाचं दुकान, पाच वेळचा नमाजी. "पैसा लावलात तर मी उठलो," तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. मग पैशांऐवजी खजुराच्या बिया आल्या. मधे ताटलीभर खलास जातीचे खजूर ठेवायचे, सगळ्यांनी खायचे, सुगंधाने बिया धुऊन उन्हात वाळवायच्या. साधी बी एकाची, चहाच्या पाण्यात बुडवून काळी केलेली बी दहाची. तिकडे लोक घरं हरत होते म्हणे. इकडे हरलेल्याने पुढच्या शुक्रवारी खजूर आणायचे.

खेळाबरोबर गोष्टीही आल्या. त्या सांगायच्या सदानंद भावजींनीच. लागोपाठ दोन वर्षं दश्शी आणि दुर्री असली फालतू पानं हातात घेऊन जगज्जेता झालेल्या डॉयल ब्रन्सनची. ज्याच्या डोक्यात सगळी पानं राहायची त्या काटकुळ्या स्टू उंगरची. तो तीनदा जिंकला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी एका मोटेलच्या खोलीत एकटा मेला. सुगंधाला वाटायचं, त्या पोराला कुणी वेळेवर दोन घास वाढले असतील का? एका साध्या हिशेबनीस माणसाची गोष्ट तर भिकाजीला तोंडपाठ होती. तो घरी बसून संगणकावर शंभरहून कमी डॉलरची स्पर्धा खेळला, पुढे खऱ्या टेबलावर पोचला आणि सगळ्यांना हरवून गेला. ते ऐकल्यापासून कुडाळचा हा एसी मेकॅनिक दर वर्षी म्हणायचा, "औंदा माजो नंबर."

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात धनंजय साईटवर सोहारला गेला आणि दोन महिने अडकला. सगळ्यांची बायकामुलं गावी गेलेली, सुगंधा तेवढी सागरच्या कांजिण्यांमुळे राहिलेली. तेव्हा सदानंद भावजी म्हणाले, खुर्ची रिकामी नको, वहिनी बसतील. खुर्ची धनंजयचीच, त्या फक्त बसतील. ती बसली आणि जिंकली. नियमाप्रमाणे किटलीवर खुर्चीचं नाव कोरलं गेलं. धनंजय.

पंच्याण्णवला पुन्हा तसंच. त्या वर्षी तिकडच्या स्पर्धेत पहिल्यांदाच एक बाई शेवटच्या टेबलापर्यंत पोचली, पाचवी आली. साहेबाच्या मासिकात तिचा फोटो होता. सुगंधाने विचारलं होतं, नाव काय तिचं? बार्बरा एनराइट, धनंजय म्हणाला. ते नाव सुगंधा कधी विसरली नाही. किटली कोरायला मत्रहला जाताना, समुद्राच्या कडेने गाडी चाललेली असताना, धनंजय अचानक म्हणाला, "या वेळी तुझं नाव घालू या का?" पाण्यावर धुरकट ऊन होतं, बंदरातली गलबतं हवेत टांगल्यासारखी दिसत होती. ती म्हणाली, "कशाला? हसतील." त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिने तीस वर्षं ते वाक्य मनात मागे-पुढे करून पाहिलं. प्रत्येक वेळी गाडी त्याच वळणावर येई आणि प्रत्येक वेळी तिच्या तोंडून तेच निघे.

धनंजय वारला त्याच्या पुढच्या वर्षी ती तिसऱ्यांदा जिंकली. सदानंद भावजी डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, धनंजयचंच नाव घालू." त्या प्रेमापुढे ती काय बोलणार होती?

"भाभी, तुमची बारी," अलीमियाँ म्हणाला.

ती भानावर आली. जूनची दमट हवा खिडकीच्या काचेला बाहेरून चिकटली होती, काच पांढरी झाली होती, आणि पलीकडचे डोंगर कुणी अर्धवट पुसून टाकल्यासारखे वाटत होते. एसीच्या घरघरीत सगळं थोडं लांबून ऐकू यायचं. तिच्या हातात बदामाची राणी आणि किलवरची नव्वी होती. तिने एक काळी बी पुढे सरकवली.

तेवढ्यात सदानंद भावजींनी आपली दोन्ही पानं टेबलावर ठेवली. उघडी. इस्पिकचा राजा आणि चौकटचा गुलाम. आणि ते शांतपणे समोर बघत राहिले, जणू पानं झाकलेलीच आहेत.

भिकाजीने छताकडे पाहिलं. अलीमियाँ चष्मा पुसायला लागला. सुगंधा खजूर निवडायला लागली. त्या पानांकडे कुणी बघेना.

"काय झालं? कुणी बोलत का नाही?" भावजी म्हणाले.

"माका काय जमाचा नाय," म्हणत भिकाजीने पानं टाकली. अलीमियाँनेही टाकली. सुगंधाकडे राणीची जोडी झाली होती, मध्ये एक राणी उघडी पडलेली. तिनेही टाकली.

पुढच्या डावात तेच झालं. त्याच्या पुढच्या डावातही. भावजी पानं उघडी ठेवत, बाकीचे आपापली टाकून देत, आणि प्रत्येक डावात दोन-चारच बिया भावजींकडे सरकत. एवढी वर्षं एकमेकांना फसवण्यात तरबेज झालेली ही माणसं आज एकाच गोष्टीसाठी फसवत होती, भावजींना आपली चूक कळू नये म्हणून. खरं तर एकदा तरी बिया पुढे सरकवून डाव घ्यावा असं सुगंधाला वाटत होतं. हात दोनदा बियांपर्यंत गेला. पण असं मिळालेलं नाव तिला नको होतं.

साडेअकरा झाले. अलीमियाँने घड्याळ पाहिलं. जुम्म्याची नमाज होती.

"हे असं संपायचं नाही," तो म्हणाला. "मी निघालो तर खेळ खलास."

तेव्हा सदानंद भावजी एकदम ताठ बसले. सकाळचा नाश्ता त्यांना आठवत नव्हता, पण जुनं सगळं लख्ख होतं. "सत्तर साली काय केलं होतं?" ते म्हणाले. "पहिल्या स्पर्धेत. शेवटचा डाव वगैरे नव्हताच. खेळाडूंनी मत दिलं, सर्वांत चांगला कोण. म्हणतात की जो तो स्वतःलाच मत देऊन मोकळा झाला. मग विचारलं, बरं, दुसऱ्या नंबरचा कोण? आणि जॉनी मॉस निवडून आला. आपणही मत घेऊ."

ती गोष्ट सगळ्यांनी शंभरदा ऐकली होती. तसं करावं हे मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

खोक्यावरच्या जुन्या बिलाच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या केल्या. सुगंधाने पेन हातात घेतलं आणि बराच वेळ तसंच धरलं. मग सावकाश, शाळेत पाटीवर काढावं तसं, तिने चिठ्ठीवर लिहिलं आणि घडी घातली. तिला एकाएकी फार हलकं वाटलं, घरातल्या घरात पावसात भिजून आल्यासारखं.

भावजींनी चिठ्ठ्या उघडून वाचल्या. "सदानंद," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. "भिकाजी. अलीमियाँ. बघा, तिकडच्यासारखंच झालं की नाही?" मग चौथी चिठ्ठी त्यांनी डोळ्यांजवळ नेली. "सुगंधा."

ते थांबले. "सुगंधा? ही कोण? आपल्यात कधी होती?"

अलीमियाँने किटलीकडे पाहिलं, तिच्यावर कुठे हे नाव आहे का ते शोधत. भिकाजी भिंतीकडे तोंड करून जुनी बिऱ्हाडं आठवू लागला, त्यात कुणी सुगंधा होती का म्हणून.

"मी," सुगंधा म्हणाली.

भिकाजीने मान वळवली.

"तुमचा नाव सुगंधा?" भिकाजीने विचारलं. त्याचा आवाज अगदी खाली आला होता.

"हो."

"भाभी," अलीमियाँ म्हणाला, "तुमच्या हातचं एवढी वर्षं खाल्लं..." तो चष्मा काढून नुसताच हातात धरून बसला. या खोलीत एवढी वर्षं ती वहिनी होती, वैनी होती, भाभी होती. लग्नपत्रिकांवर सौ. व श्री. धनंजय होती. त्यात कुणाचा दोष नव्हता, आणि हेच तिला आयुष्यभर अवघड गेलं होतं.

"आता दुसऱ्या नंबरचा," सदानंद भावजी म्हणाले. "लिहा."

पुन्हा चिठ्ठ्या झाल्या. भिकाजीने पेन टेकवलं आणि मान वर केली. "तो कागद हंय द्या बघूया. माका ह्या बघल्याशिवाय जमाचा नाय."

त्याने सुगंधाची चिठ्ठी समोर ठेवली आणि जीभ दाताखाली धरून एकेक अक्षर उतरवलं. मग ती अलीमियाँकडे गेली. "माझी उर्दू शाळा," तो म्हणाला, "बघूनच लिहायला पाहिजे." त्याने अनुस्वार दोनदा दिला. शेवटी ती भावजींकडे आली. त्यांनी ती फार वेळ न्याहाळली, ओठ हलले, आणि इंजिनियरच्या सरळ उभ्या अक्षरात, त्यांनीही तेच लिहिलं.

तीन मतं. चिठ्ठ्या उघडायची गरजही उरली नव्हती, पण भावजींनी उघडून तिन्ही मोठ्याने वाचल्या.

"आणि तुमचं मत, वहिनी? चौथी चिठ्ठी?"

तिने मूठ मिटली. "सगळ्यांनी पानं टाकल्यावर जिंकणाऱ्याला आपली दाखवावी लागत नाहीत. तुम्हीच शिकवलंत, भावजी."

ते मोकळेपणाने हसले, जुन्या दिवसांसारखे. तिने ती चिठ्ठी किटलीचं झाकण उघडून आत टाकली. त्या चिठ्ठीवर धनंजय लिहिलं होतं. पहिला नंबर कुणाचा हे तिला आता पक्कं माहीत होतं. दुसरा त्याचाच.

अजानचा आवाज खालच्या मशिदीतून आला. अलीमियाँ उठला, दारात थांबून म्हणाला, "सोमवारी दुकानातून मी स्वतः येतो तुम्हाला मत्रहला घेऊन जायला. अक्षर नीट कोरलं पाहिजे," आणि गेला. भिकाजीने खजुराच्या बिया चौघांत वाटल्या, मोजल्या नाहीत, मुठीने वाटल्या. मग तो खाली गाडी काढायला गेला, तिला घरी, अल् खुवैरला सोडणार होता.

सुगंधा किटली काखेत धरून दारापर्यंत आली. सदानंद भावजी पोचवायला आले. मागे खोकी, रिकामी भिंत, पांढरी काच. त्यांच्या खिशात एक काळी बी होती, ती ते बोटांनी चाचपत होते.

"जपून जा," ते म्हणाले. मग कपाळाला आठ्या पडल्या, काहीतरी शोधल्यासारख्या. "वहिनी, इतकी वर्षं विचारायचं राहूनच गेलं बघा. तुमचं नाव काय?"

तिने टेबलावरून उचललेली आपली पहिली चिठ्ठी पदराच्या टोकातून सोडवली, घडी उलगडली, आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात त्या बीशेजारी नीट ठेवली.

लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ते ती बाहेर काढून वाचत होते.