दादांची जागा

बुवा कुणाची जागा बळकावतील यावर आमच्यापैकी कुणाचा विश्वास बसला नसता. रिकाम्या बाकावर टेकतानासुद्धा हा माणूस ‘कुणी येणार आहे का इथं?’ असं दोनदा विचारतो. पोस्टात तीस वर्षं काढली, कुणाचं पाकीट चुकूनसुद्धा फोडलं नाही. पण ‘टाळांच्या आड’ नावाचा माहितीपट आला आणि आमचे कीर्तनकार बुवा रातोरात एका गुप्त साम्राज्याचे म्होरके ठरले.

माहितीपटाचं म्हणणं असं, की गावोगावची ही कीर्तनं म्हणजे नुसता देखावा. देवाच्या नावाखाली ही मंडळी एकेक जागा घेत सुटली आहेत, आणि ज्या दिवशी त्या सगळ्या जागा नकाशावर एकमेकींना भिडतील त्या दिवशी... पुढे तीन टिंबं होती. तिथे ढोल वाजायचा.

आता हे कुठून आलं ते सांगतो, कारण त्यात माझा अंगठा आहे.

मी पेशानं औषधविक्रेता. रविवारी बुवांच्या साथीला पेटी वाजवतो. बुवांना मोबाइलवर लिहिता येत नाही, ते बोलून निरोप पाठवतात. कीर्तनानंतर आमच्या गटावर कुणी ना कुणी म्हणणारच, ‘काल बुवांनी काय जागा घेतली!’ गाण्यात जागा म्हणजे शब्दाला मधेच दिलेलं ते अवचित वळण, ज्याच्यावर ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. गाणं ऐकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. न ऐकणाऱ्याला सांगायचं आम्हाला सुचलं नाही. गटात साठ माणसं, म्हणजे साठ तोंडं. निरोप बाहेर गेले, आणि ज्याच्या हाती लागले तो दिग्दर्शक गाण्याच्या बाबतीत दगड होता.

पण त्यातला एक निरोप गटासाठी नव्हताच. तो बुवांनी मला एकट्याला पाठवला होता. दुकानात गर्दी, एका हातात खोकल्याची बाटली, दुसऱ्यात मोबाइल. माझ्या अंगठ्यानं तो गटावर ढकलला. पाच मिनिटांत पुसला. तोवर व्हायचं ते झालं होतं.

‘ती जागा दादाची आहे. मी ती चारचौघांत माझी म्हणून घेतली. नऊ वर्षं झाली. आता परत कशी करू, सांग.’

दादा म्हणजे बुवांचे थोरले भाऊ, घड्याळं दुरुस्त करतात. पूर्वी कीर्तन तेच करायचे. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. त्यांच्या आसनावर धाकटे भाऊ उभे राहिले आणि पहिल्याच दिवशी ‘दारी’ या शब्दावर दादांनी रचलेली जागा त्यांनी अशी घेतली की सभागृह हललं. कुणीतरी विचारलं, ‘बुवा, ही कुठून सुचली?’ बुवा म्हणाले, ‘आपोआप.’ दादा तिसऱ्या रांगेत बसले होते. ते उठले आणि गेले. तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नाही.

दादांच्या दुकानासमोरच, मुख्याध्यापिकाबाईंच्या शाळेच्या सभागृहात आमची कीर्तनं होतात. बाई म्हणाल्या, ‘कुजबुज नको. माहितीपट इथंच दाखवू, सगळ्यांदेखत. दिग्दर्शकालाही बोलवू.’ शनिवारी संध्याकाळी सहाला सभागृह भरलं. कीर्तनाला कधी न दिसलेली माणसं पहिल्या रांगेत.

बुवा दाराशी घुटमळत होते. ‘जगाला काय म्हणायचं ते म्हणू दे रे,’ ते मला म्हणाले. ‘दादाच्या दुकानाचा फोटो आहे म्हणे त्यात. आता बघणाऱ्यांनी त्याला सांगितलंय की मी त्याचं दुकान लाटलं. एक तर तसाच रुसलेला.’

‘मग तुम्हीच आधी जाऊन बोला ना.’

‘नऊ वर्षं दुकानाच्या पायरीपर्यंत जातोय. तिथून घड्याळात किती वाजले ते बघतो आणि परत येतो.’

‘चला आत,’ बुवांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या. ‘एवढ्या जागा घेतल्यात, मला मेलं न्हाणीघर हातभर वाढवून मिळालं नाही. बघू तरी कुठं कुठं आहेत.’

दिवे मालवले. पडद्यावर काळोखात बुवांचा आवाज घुमला: ‘उद्या काळी दोन नको, काळी एकवर भागवू. लोकांना कळणार नाही.’ बिचाऱ्यांचा घसा बसला होता, म्हणून पेटीची पट्टी उतरवायला सांगितली होती. निवेदक खर्जात म्हणाला, ‘कोण आहेत या दोन काळ्या शक्ती?’ आणि ‘लोकांना कळणार नाही’ हे तीनदा ऐकवलं. मग मी दिसलो, पाठमोरा, मागच्या दारानं पेटी नेताना. ‘या पेटीत काय आहे?’

‘हवा!’ मी ओरडलो.

‘श्शू!’ पाच-सहा जण.

निवृत्त फौजदार शेजाऱ्याला सांगत होते, ‘मला पहिल्यापासून संशय होता. माणूस इतका चांगला असतो का कधी?’ पण खरी कमाल केली आमच्या शिंप्यानं. नऊ वर्षं बुवांमागे टाळ धरून उभा असलेला माणूस, पडद्यावर लाल ठिपक्यांचा नकाशा आला तशी त्याची मानच वळली.

‘बुवा, सत्तावीस जागा?’

‘अरे, त्या गाण्यातल्या...’

‘मला वीतभर तरी? दुकानाला पार्टिशन घालून राहतोय मी!’

आणि मग तो निरोप आला. पडद्यावर दादांचं दुकान, भोवती लाल वर्तुळ. ‘ती जागा दादाची आहे. मी ती चारचौघांत माझी म्हणून घेतली...’ सभागृहात चुळबुळ झाली. बुवांनी डोळे मिटले. मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत दादा बसले होते, मांडीवर दुकानाच्या कागदांची फाईल घट्ट धरून. निरोप संपला तेव्हा फाईल मांडीवरून घसरून खाली पडली होती. त्यांनी ती उचलली नाही.

दिवे लागले. दिग्दर्शक पुढे आला. पोरगा मनाचा वाईट नव्हता. त्याच्या आवाजात खरी कळकळ होती. ‘आज आपल्यात स्वतः पीडित बसले आहेत,’ तो म्हणाला आणि ध्वनिक्षेपक घेऊन दादांपाशी गेला. ‘आजोबा, घाबरू नका. तुमच्या भावानं तुमची जागा घेतली?’

दादा उभे राहिले. त्यांची कुजबुज ध्वनिक्षेपकातून खरखरत आली.

‘घेतली.’

फौजदार अर्धे उठले. वहिनींनी बुवांचा हात धरला.

‘केवढी होती?’

‘अडीच मात्रा.’

दिग्दर्शकानं वहीत लिहिलं. ‘म्हणजे चौरस फुटांत किती?’

शिंपी बोटांवर मोजू लागला.

‘आणि कुठल्या भागात?’

‘शेवटच्या चरणात. दारी या शब्दावर.’

‘दारी म्हणजे... दुकानाच्या दाराशी?’

आधी मुख्याध्यापिकाबाई हसत सुटल्या. मग नेहमीचे श्रोते, मग ज्यांना काही कळलं नव्हतं तेसुद्धा. फौजदार हसले नाहीत. ते म्हणाले, ‘हीसुद्धा सांकेतिक भाषा असू शकते.’ दिग्दर्शक बिचारा एकेकाकडे बघत होता. बाईंनी त्याला बाजूला घेऊन समजावलं, तेव्हा तो सत्ताविसाव्या ठिपक्यापर्यंत पुनःपुन्हा विचारत राहिला, ‘हीपण गाण्यातलीच? आणि ही?’

पण बुवांना हसू आलं नव्हतं. दादा रांगांमधून पुढे येत होते. बुवा उठून उभे राहिले, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे.

‘दादा, त्या दिवशी मी खोटं बोललो.’

‘ते ऐकलं आत्ता. चार कर्ण्यांवर ऐकलं.’

‘उद्या कीर्तनात सगळ्यांसमोर सांगतो.’

‘सांगायला तर हवंच. पण त्याआधी दुसरं बघ.’ दादांनी माझ्याकडे मान वळवली. ‘पेटी आहे ना? काढ.’

मी काढली. शेजारच्या दोघांनी, उगाच नको म्हणून, मागे सरकून घेतलं.

‘नऊ वर्षं समोरच्या दुकानात बसून ऐकतोय मी,’ दादा बुवांना म्हणाले. ‘दर रविवारी खिडकी उघडी ठेवून. चोरलीस ती चोरलीस, पण वर चुकीची घेतोस! दारीच्या आधी श्वास संपवतोस आणि मग कडेकडेनं उतरतोस. माझ्या दातांत कळ जाते. घे बघू.’

बुवांनी घेतली. दादांनी हात वर करून थांबवलं. ‘नाही.’ पुन्हा घेतली. ‘नाही. तिथं थांब. देव दारात उभा आहे, आणि तू पळतोस कुठं?’ मी सूर धरून बसलो होतो. लोक उठायचे थांबले होते. दिग्दर्शकानं कॅमेरा बंद करून खाली ठेवला होता आणि तो जमिनीवर मांडी घालून बसला होता.

तिसऱ्यांदा बुवा दारीपर्यंत आले आणि मधेच थांबून उपरण्यानं डोळे पुसू लागले. वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या. शिंपी तर आधीच नाक ओढत होता.

दादा जवळ सरकले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला.

‘रडायचं काम लोकांचं,’ ते कुजबुजले. ‘आपलं नाही. हं, घे पुन्हा.’