मापाचा झगा

शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यातून वहिनी घरी आली तेव्हा तिच्या बोटांना निळ्या कापडाचा रंग लागला होता. हात धुऊन तिने घरच्या शिलाई मशीनवरचे झाकण काढले. वर्षअखेरची सुट्टी आठ दिवसांवर आली होती आणि घरातल्या पुरुषांचे झगे अजून व्हायचे होते.

ही रीत फक्त याच घराची. सुट्टीच्या दिवशी सगळे गणगोत दुपारी एकत्र जेवायचे आणि पुरुषांनी बायकांचे झगे घालून पंगतीला बसायचे. गंमत म्हणून. सुरुवात केली ती मोठ्या काकांनी, म्हणजे वहिनीच्या चुलत सासऱ्यांनी, तीस वर्षांपूर्वी. झगे मुद्दाम बेढब शिवायचे आणि छातीशी आतून दोन पिशव्या लावायच्या, चिंध्या कोंबायला. लग्न होऊन आल्यापासून अकरा वर्षे त्या पिशव्या वहिनीच शिवत होती.

त्या संध्याकाळी माप द्यायला धाकटा दीर उभा राहिला. तो बस आगारात ब्रेक दुरुस्त करायचा, म्हणून घरातले सगळे त्याला फिटर म्हणायचे.

"वहिनी, माझ्या झग्याला पिशव्या नकोत."

"मग चिंध्या कुठे कोंबणार, भावजी? डोक्यात?"

"चिंध्याही नकोत. माझ्या मापाचा शिवा. खांदा नीट बसवा. तुमचा स्वतःचा शिवता ना, तसा."

वहिनी हसली, पण तो हसत नव्हता.

"पंधरा वर्षांचा असल्यापासून मला हे कपडे घालावेसे वाटतात," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "वर्षातनं एकच दिवस मिळतो. वर्षभर मी त्याची वाट बघतो. आणि त्या दिवशीसुद्धा माकडचेष्टा कराव्या लागतात. या वेळी मला नुसतं छान दिसायचंय. आणि सगळ्यांबरोबर जेवायचंय."

"म्हणजे तुम्ही... तसले?"

"तसले म्हणजे कसले, ते मलाच ठाऊक नाही. पुरुष आहे मी. असा पोशाख घातला की जिवाला बरं वाटतं, एवढंच कळतं."

खोटे कशाला सांगावे, वहिनीला किळस आली. हातातली टेप गुंडाळून ती आत निघून गेली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी ती काकांच्या पिवळ्या झग्याला पिशव्या लावायला बसली. हाताला सवय होती, त्यामुळे डोके रिकामेच होते, आणि रिकाम्या डोक्यात गेल्या वर्षीचे जेवण आले. काकांनी तेव्हा खालच्या मजल्यावरच्या विधवा बाईचे सोंग आणले होते. ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची आणि एका पायाने लंगडायची. काका लंगडत आले, पुरुषांच्या मांड्यांवर बसत "मला कोणी ठेवता का?" म्हणाले. त्या वेळी ती बाई आत स्वयंपाकघरात यांचीच भांडी विसळत होती. पुरुष हसले, बायका हसल्या, वहिनीसुद्धा डोळे पुसत हसली होती.

मशीनच्या चाकावरचा तिचा हात थांबला. किळस येण्यासारखे या घरात काय होते आणि आपल्याला कशाची आली, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसले.

संध्याकाळी फिटर आगारातून आला तेव्हा ती टेप घेऊन उभी होती. "हात वर करा, भावजी. रंग कुठला हवा?"

तिने गडद लाल कापड आणले, आत मऊ अस्तर लावले, खांदा दोनदा उसवून बसवला.

सुट्टीच्या दिवशी एकोणीस माणसे जमली. काका पिवळ्या झग्यात नाकापर्यंत लाली फासून आले. जावयाच्या मांडीवर बसले, त्याच्या गळ्यात हात टाकले. वहिनीचा नवरा, थोरला, छातीच्या चिंध्या सावरत दोन गिरक्या मारून आला. तोंडात घास असतानाच हसून हसून लोकांना ठसका लागला.

मग फिटर आला. झगा अंगावर चापून बसला होता. केस नीट विंचरलेले, नखांतले काळे तेल घासून काढलेले, गळ्यात मण्यांची बारीक माळ. त्याने कंबर हलवली नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मीठ जरा इकडे द्या."

लोक तोंडे उघडी ठेवून विनोदाची वाट बघत राहिले. तो आलाच नाही.

"अरे, जरा चालून दाखव की," काका म्हणाले.

"चालतच आलो, काका."

"तसं नाही. लचकून."

"कशाला?"

कोणीतरी फिस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले.

"काय नाटक लावलंयस हे?"

"नाटक नाही. तेच तर सांगतोय."

काका उठले. त्यांच्या झग्यातला चिंध्यांचा एक गोळा पोटावर घसरला होता, दुसरा काखेत गेला होता. तशा अवतारात ते म्हणाले, "घराण्याची अब्रू म्हणून काही आहे की नाही?" दातांवर लाली, लालीत मटणाचे धागे. वहिनीला त्या तोंडाकडे बघवेना. आणि तीस वर्षे खिदळलेली ती पंगत आता काकांच्या बोलण्यावर मान डोलवत होती.

सासूबाई पुढे आल्या. "म्हण ना रे गंमत केली म्हणून. एवढ्यानं तुझं काय जातंय? सगळे हसतील, जेवतील."

फिटरने आईकडे पाहिले. "दरवर्षी तेच म्हणत आलो, आई. आता नाही म्हणवत."

"मग ऊठ इथनं," काका म्हणाले. "मोरीपाशी बसून जेव. आणि सूनबाई, कात्री आण. उसव तो झगा. शिवला कुणी हा?"

"मी."

"लाज नाही वाटली?"

"अकरा वर्षं नाही वाटली, काका. पिशव्या शिवत होते तोवर." वहिनी थांबली नाही. "गेल्या वर्षी तुम्ही खालच्या बाईची नक्कल केलीत. ती आत आपली खरकटी काढत होती आणि मी इथे हसत होते. त्याची किळस येते मला. तुमची येते, माझीही येते. या झग्याची येत नाही. टाके माझे आहेत, मी ते उसवणार नाही. बसा हो भावजी, उठायचं नाही."

"बायकोला आवर," काका थोरल्याला म्हणाले.

थोरल्याला बोलायची सवय नव्हती. त्याने छातीतल्या चिंध्या उपसून टेबलाखाली टाकल्या आणि भावाशेजारची खुर्ची ओढून बसला.

काका निघाले, त्यांच्यामागे बाकीचे. जिन्यात पुरुषांनी घाईघाईने झगे उतरवले. रस्त्यावर कोणी पाहील ना. पंधरा माणसे गेली, चार उरली.

सासूबाईंनी मटणाचा टोप उचलला आणि धाकट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मला हे आवडलेलं नाही."

"ठाऊक आहे, आई."

"बघवत नाही मला."

"मग बघू नकोस. वाढ."

त्यांनी मान वळवली आणि वाढले. अंदाजाने वाढले, तरी नेहमीपेक्षा जास्तच पडले.

पुढच्या वर्षापासून ते जेवण काकांकडे होऊ लागले. झगे आता बाजारातून येतात. या घराला निरोप येतो: सगळ्यांनी या, फिटरला तेवढे आणू नका. वहिनी निरोप आणणाऱ्याला पाणी देते आणि आम्ही चौघे येऊ किंवा कोणीच नाही, असे सांगून परत पाठवते.

काकांकडे हसणे चालूच आहे. असल्या जेवणाला, असल्या कार्यक्रमाला आपणही कधी बसलो असू. तेव्हा हसू किती सहज आले होते ते आठवून बघावे. आणि आपल्याच शेजारी बसून, आपल्याइतकेच मोठ्याने हसणारा कोणी, आपण कधी थांबतो याची वाट बघत होता का, तेही.