झाकणावरचे दोन फ्यूज

मी एक जुना जनरेटर आहे, मित्रांनो. गंजलेला, तेल गळणारा आणि खरं सांगायचं तर फार दमलेला. फुलसावंगीत वाहिद मिस्त्रीच्या मोटारी-वायरिंग दुरुस्तीच्या दुकानामागं टिनाच्या छपराखाली माझा मुक्काम असतो. म्हणजे असायचा. ते छप्पर वादळात उडालं.

माझा जन्म राजकोटच्या एका कारखान्यातला. तेव्हा मी नुसतं डिझेल इंजिन होतो. बारा वर्षं नेमसिंग नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर पाणी उपसलं. मग शेतात वीज आली आणि वाहिदनं मला घरी आणलं. चाकांच्या गाड्यावर बसवलं, पट्ट्यानं डायनामो जोडला, आणि मी जनरेटर झालो. काय दिवस होते ते! लग्नसराईत मला क्षणाची उसंत नसे. ऐन मंगलाष्टकांत लाइन गेली की सारा मांडव माझ्याकडं बघे. पुढं आवाज न करणारे नवे जनरेटर भाड्यानं मिळू लागले आणि "हे बुढं लय बोंबलते" असं लोक म्हणू लागले. गरज सरो, वैद्य मरो! सात वर्षं माझ्या टाकीवर कोंबड्या बसत होत्या. वाहिदची बायको अमिनाबी तेवढी अधूनमधून माझ्यावर फडकं मारायची.

मेच्या अखेरीस एका संध्याकाळी ते वादळ आलं. जेमतेम अर्धा तास. तेवढ्यात कुणाची टिनं शेतात गेली, कुणाची भिंत बसली, रस्त्यावर बाभळी आणि कडुनिंब आडवे झाले. सकाळी सगळं गाव कुऱ्हाडी घेऊन फांद्या तोडायला लागलं. तोडायचं, घाम पुसायचा, थोडं टेकायचं आणि पुन्हा उठायचं, असं चाललं होतं.

शेजारच्या इंदूबाईंचं संकट निराळं होतं. त्यांची फुफ्फुसं अधू. विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजनच्या मशीनवाचून त्यांना चालत नसे. घरात दोन सिलिंडर होते. एक रात्रीच संपला आणि दुसऱ्याचा काटा सकाळी तळाला आला. दवाखान्याचा रस्ता झाडांनी बंद. त्यांचा मुलगा रवी कंत्राटी लाइनमन. गल्लीच्या टोकाच्या खांबावरची तुटलेली तार त्यालाच जोडायची होती. कमरेला पट्टा बांधून तो आमच्या दारात आला.

"काका, मायले पाहा," तो वाहिदला म्हणाला. "मी खांबावर चढून राह्यलो. पन इकडची तार जोडली तरी आज काई लाइन येत नाई. तिकडं मोठे खांबच पडले."

"तू जाय बिनघोर. हे बुढं आहे ना आपलं."

मित्रांनो, सात वर्षांनी कुणीतरी माझं नाव घेतलं. वाहिदनं मला ढकलत इंदूबाईंच्या अंगणापर्यंत नेलं. पण अंगणात कडुनिंब पडलेला. त्याच्यापुढं गाडा जाईना आणि माझी वायर ओसरीतल्या सॉकेटपर्यंतच पुरली. तेव्हा त्यानं ठरवलं, त्या सॉकेटमधूनच सगळ्या घराला वीज द्यायची. अमिनाबी आत इंदूबाईंजवळ जाऊन बसली. घरची वीज बाहेरच्या तारेत जाऊ नये म्हणून वाहिदनं आठवणीनं मेन स्विचचा दांडा खाली पाडला. मी पाहिलं ना, पाडला होता.

हांडल मारलं. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा मी खोकलो आणि सुरू झालो. आत मशीन घरघरलं. पण मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. एक मशीन, एक पंखा, दोन बल्ब, एवढ्याला इतकं ओझं? छाती दडपली, पट्टा घसरू लागला, काळा धूर निघाला. थकलेल्या अंगाला ओझं आधी कळतं. मी तिथंच बंद पडायला हवं होतं.

"म्हातारं झालं लेकाचं," वाहिद पुटपुटला आणि त्यानं डिझेल वाढवलं. ते शब्द मला लागले. मीही हट्टाला पेटलो. बघाच आता, म्हणत जीव तोडून फिरू लागलो. तो माझा माज होता, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

इतक्यात गल्लीत कल्लोळ झाला. "लाइन आली! लाइन आली!" बायका टाळ्या पिटत होत्या. घरोघरी पंखे फिरत होते.

अमिनाबी आतून धावत आली. आज लाइन येणार नाही, हे तिनं रवीच्याच तोंडून ऐकलं होतं. मग गल्लीत आलेली ही वीज माझीच, हे तिनं ओळखलं. घाबरली की ती आपल्या घरच्या बोलीत बोलते. "अजी, बंद करो! रवी खंबे पे है!"

वाहिदनं झेप घेऊन मला बंद केलं. गल्ली पुन्हा मुकी झाली. सगळ्यांनी खांबाकडं पाहिलं. रवी पट्ट्याला टेकून वर तसाच होता. त्याचा हात तारेपासून वीतभर दूर थांबलेला. खालच्या घरातला बल्ब पेटलेला त्याला दिसला होता, म्हणून.

तो बऱ्याच वेळानं उतरला. तडक आमच्याकडं आला.

"काका, दांडा नोयता पाडला?"

"पाडला रे बाप्पा, पाडला!" वाहिदनं मेन स्विचची पेटी उघडली आणि मटकन खाली बसला. आत वरची तार खालच्या तारेला थेट जोडलेली होती. त्यावर काळी टेप. तीन वर्षांपूर्वी स्विच जळाला, तेव्हा इंदूबाईंची अडचण नको म्हणून त्यानंच केलेली ती जोड. दांडा नुसता नावाला उरला होता; तो पाडूनही माझी वीज त्या जोडीतून घराबाहेर, साऱ्या गल्लीत आणि रवीच्या तारेत गेली होती. "माह्याच हातची टेप आहे," तो म्हणाला आणि रडू लागला.

मीटरखालचे चिनीमातीचे दोन्ही फ्यूज रवीनं उपसले, घराचा बाहेरच्या तारेशी संबंधच तोडला आणि ते माझ्या टाकीच्या झाकणावर ठेवले. "आता चालू करा. मायचा सिलिंडर संपला."

तिसऱ्या हांडलला मी उठलो. या वेळी ओझं हलकं होतं, एका बाईच्या श्वासाएवढं. दोन दिवस आणि दोन रात्री मी ते वाहिलं.

"मंधात लाइन आली होती का रे?" इंदूबाईंनी लेकाला विचारलं.

"हो माय. जराशी आली अन् गेली," रवी म्हणाला. खरं काय ते त्यांना कुणीच सांगितलं नाही.

वादळानं केलेला पसारा गावानं चार दिवसांत उचलला. वाहिदनं केलेला उचलायला पंधरा दिवस लागले. घरोघरी जाऊन तो मेन स्विच उघडत होता. प्रेमापोटी, घाईपोटी जोडून दिलेल्या अशा चौदा तारा निघाल्या. संध्याकाळी तो माझ्याजवळ बसायचा, दोघेही दमलेले.

मला नवं छप्पर मिळालं आहे. कोंबड्याही परत आल्या आहेत. त्यांना मी काय बोलणार? पण मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा. कधी वीज गेली तर या म्हाताऱ्याला जरूर उठवा, मी कुरकुरत का होईना उठेन. आधी ते दोन फ्यूज मात्र माझ्या झाकणावर ठेवा. माझी वीज कुणाच्या नाकाशी जाते आणि कुणाच्या हाताशी, ते मला दिसत नाही.