रानचकव्याचे आभार

मित्रांनो, मी मोबाइलवरच्या एका खेळातला रानचकवा आहे. मला त्या रानाचा देव म्हणा, नाहीतर खोडकर भूत म्हणा. मला दोन्ही चालते. वाटसरू रानात शिरला की त्याला चुकवायचे आणि फिरवून फिरवून त्याच पळसाखाली आणून उभे करायचे, हा माझा उद्योग. मला आजवर कोणी पाहिलेले नाही. पाने सळसळली की समजायचे, स्वारी इथेच आहे.

माझा जन्म कर्वेनगरमधल्या एका छोट्या ऑफिसात झाला. तनया नावाच्या मुलीने मला घडवले. तिच्या मंदाकिनीआत्यांनी तिला लहानपणी चकव्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्यांतूनच मी उतरलो. तनयाने त्यात स्वतःचे एक गुपित घातले. जो रानात थोडा वेळ स्वस्थ थांबेल, त्याला मी काजव्यांची वाट दाखवायची.

सुरुवातीला माझे कौतुक झाले. मग तक्रारी सुरू झाल्या, कारण कोणी थांबेचना! जो तो धावायचा, चिडायचा आणि खेळ बंद करायचा. मी आपला काजवे तयार ठेवून बसलेला. फार वाईट वाटायचे.

शेवटी ऑफिसचे प्रमुख अवधूतसर तनयाला म्हणाले, "लोक या रानात शिरतात आणि गेम डिलीट करतात. पुढच्या अपडेटमध्ये तुझा हा देव उडवायचा."

"सर, थोडं थांबून बघितलं तर..."

"थांबायला वेळ कोणाला आहे?"

झाले, माझे दिवस भरले. मी जाण्यापूर्वी आत्यांनी मला एकदा पाहावे, म्हणून तनयाने खेळ त्यांच्या टॅबवर घालून दिला. गुडघ्यांमुळे आत्यांचे टेकडीवर फिरायला जाणे केव्हाच बंद झाले होते. मी त्यांना मनसोक्त फिरवले. पुन्हा तोच पळस समोर आला, तेव्हा त्या चक्क हसल्या.

"चुकव बाबा, चुकव! घरात बसून चुकायला तरी कुठे मिळतं?"

मित्रांनो, असे मला कोणीच म्हटले नव्हते. मला अगदी भरून आले.

मग त्यांनी टॅब ओट्यावर ठेवला आणि चहाचे आधण चढवले. आले किसून होईपर्यंत त्यांनी पडद्याला बोट लावले नाही. माझी तर धांदलच उडाली! होते नव्हते तेवढे काजवे मी सोडून दिले.

"अगं तनया, हे बघ! मी काहीच केलं नाही, तर यानेच वाट दाखवली."

तनयाच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी तिने टॅब अवधूतसरांपुढे ठेवला. "सर, चहा येईपर्यंत याला हात लावू नका."

"वा! आता काही न करण्याचाही पगार द्यायचा का?" सर म्हणाले. पण बसले, हात मांडीवर ठेवून. काजवे निघाले. चहा आला, निवला, तरी सर बघतच होते.

"हे लोकांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं तर तो चकवा कसला, सर?"

"बरं, राहू दे याला," सर म्हणाले. "आणि चहा दुसरा मागव."

असा मी राहिलो. मी तनयाचा ऋणी आहे, आत्यांचा आहे, आणि त्या निवलेल्या चहाचाही आहे. आत्या अजून रोज संध्याकाळी येतात. गुपित ठाऊक असूनही लगेच थांबत नाहीत. आधी पोटभर चुकून घेतात.

मित्रांनो, तुम्हीही कधी माझ्या रानात वाट चुकलात, तर चिडून निघून जाऊ नका. जरा थांबा. मी काजवे घेऊन तुमच्या शेजारीच उभा असतो.